पाठपोट

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मामेभावाने दोन हजार फोटो-पोस्टकार्डे छापून घेतली. पलूसजवळ त्याची द्राक्षबाग आहे, थोडा बेदाणाही करतो. पुण्या-मुंबईची काही घरे त्याच्याकडून दलालाशिवाय थेट माल घेतात. त्यांना हंगामाआधी कार्ड धाडायचे, समोर बागेचा फोटो आणि मागे दोन ओळी हाताने लिहिलेल्या, अशी कल्पना. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कोण ठेवतो? घरात आलेले कार्ड मात्र फ्रीजवर चिकटते.

कार्डे देखणी झाली होती. घडातला मणी न् मणी दिसावा इतकी स्पष्ट. रात्री जेवणे उरकून सगळे घर पत्ते लिहायला बसले आणि पाचव्या मिनिटाला पुतणी ओरडली, "काका, हे पुसतंय की!" जेलपेनची शाई कार्डावर थांबेना. बॉलपेन घसरत होते. रबरी शिक्का मारला तर बोटाने निघून येत होता. दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन केलेले! छापखान्याचे नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी आमची होती. आम्ही दर विचारला होता, नमुना पाहिला होता, फोटो तीनदा बदलून घेतला होता. कार्डाच्या मागे काय करायचे आहे, हे ना त्याने विचारले, ना आम्ही सांगितले.

कागदाच्या दोन्ही अंगांवरच्या छपाईला मराठीत पाठपोट म्हणतात. पोस्टकार्डासाठी याहून नेमका शब्द नाही. पोटाकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण कार्ड टपालातून जाते ते पाठीच्या जोरावर.

पाठीचा इतिहासही मजेशीर आहे. हिंदुस्थानात टपालखात्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी निघाले, किंमत पाव आणा. त्यावर चित्र नव्हतेच. पुढे चित्रकार्डे आली तेव्हा एक बाजू पूर्णपणे पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून लोक मजकूर चित्राच्या कडेला, आकाशात, नदीच्या पाण्यात, मिळेल त्या मोकळ्या जागेत कोंबत. १९०२ साली ब्रिटनच्या टपालखात्याने पाठीच्या मधोमध उभी रेघ मान्य केली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. बाकीचे देश मागोमाग आले आणि समोरची बाजू चित्राला मोकळी मिळाली. चित्रकार्डाचा पुढचा सगळा थाट त्या एका रेघेवर उभा आहे. पाठीचे जाहिरातमूल्य आपल्या टपालखात्यालाही ठाऊक आहे. २००२ साली त्याने काढलेल्या 'मेघदूत' कार्डावर पत्त्याच्या बाजूला जाहिरात असे, आणि त्या जाहिरातीच्या बदल्यात ५० पैशांचे कार्ड २५ पैशांना मिळे.

तेव्हा छापखाना निवडायचा तर पहिला प्रश्न दराचा नको. "मागे पेनाने लिहायचंय, शिक्का मारायचाय, तिकीट चिकटवायचंय. कुठला कागद देता?" असे विचारावे. ज्याला काम कळते तो लगेच सांगेल, की समोर लॅमिनेशन करू आणि मागची बाजू कोरी ठेवू. किंवा एकच अंग गुळगुळीत आणि दुसरे लिहिण्याजोगे असलेला जाड कागद सुचवेल. आर्ट कार्ड नावाचा जो कागद सर्रास वापरतात त्याच्या दोन्ही अंगांना लेप असतो, त्यामुळे लॅमिनेशन नसले तरी काही पेनांची शाई त्यावर वाळायला रेंगाळते. म्हणून कोऱ्या कागदाचा तुकडा मागून घ्यावा, घरी न्यावा, घरातल्या प्रत्येक पेनाने त्यावर लिहून पाहावे, शिक्का मारून पाच मिनिटांनी अंगठा फिरवावा. जो छापखानेवाला तुकडा द्यायला कुरकुरतो त्याच्याकडून चहा घेऊन उठावे. जाडी साधारण ३०० जीएसएम असली की कार्ड हातात उभे राहते. त्याहून बरेच पातळ झाले तर ते हँडबिल वाटते.

मापाचेही तसेच. टपालखात्याचे साधे कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद असते. फोटोवाल्यांचे आवडते माप ४ बाय ६ इंच, म्हणजे सव्वापंधरा सेंटिमीटरच्या आसपास लांबी. मोठे कार्ड कुठल्या दराने जाईल, हे छापण्याआधी पलूसच्या पोस्टाच्या खिडकीवर कागद कापून नेऊन विचारलेले बरे. छापल्यावर विचारले तर उत्तर तेच मिळते, फक्त महाग पडते.

आता यंत्राकडे वळू. आपल्या भागात पर्याय तसे कमी नाहीत. गावातल्या फोटो स्टुडिओतून लॅबचा प्रिंट मिळतो. रंगाला तो सरस, पण त्याच्या पाठीवर प्लास्टिकचा थर असतो, म्हणजे पुन्हा तेच रडगाणे. पन्नास-शंभर कार्डे हवी असतील तर डिजिटल छपाई परवडते. तेरा बाय एकोणीस इंची कागदावर ४ बाय ६ ची आठ कार्डे आरामात बसतात, त्यामुळे आठाच्या पटीत मागितली तर कागद वाया जात नाही. हजाराच्या पुढे गेलात की ऑफसेट. तिथे पहिल्या कार्डाआधीचाच खर्च मोठा: चार रंगांच्या चार प्लेटा, यंत्र लावणे, रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागद. त्यानंतरचे प्रत्येक कार्ड मात्र स्वस्त होत जाते. इथे पाठ पुन्हा कामी येते. मागची बाजूही रंगीत केली तर आठ प्लेटा लागतात, मागे नुसता काळा मजकूर ठेवला तर पाचात भागते. पत्त्याच्या बाजूला रंग हवा कशाला?

ऑनलाइन मागवणारेही पुष्कळ आहेत. कार्डे घरपोच येतात, दरही बरा असतो. माझा त्याला विरोध नाही, पण द्राक्षाचा फोटो असेल तर यंत्राशेजारी उभे राहता येईल असा छापखाना बघावा, सांगली काही फार लांब नाही. कारण असे की, मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागद शाईने. पडद्यावर सोनाका द्राक्षाचा लांबट मणी जो पोपटी चमकतो, तो हिरवा चार शाईंच्या मिश्रणात पुरा उतरत नाही. थोडा मळतो. तो किती मळू द्यायचा हे यंत्र चालवणारा ठरवतो, आणि त्याने सोनाका झाडावर पाहिलेला असेलच असे नाही. शरद सीडलेसचे काळे घड तर छपाईत कोळशासारखे दिसू लागतात. बेदाण्याची तऱ्हा याहून वेगळी. त्याचा सोनेरी-हिरवा रंग जरा तांबूस झाला की गिऱ्हाईक म्हणते, माल जुना आहे. म्हणून भावाला मी सांगितले, "अण्णा, प्रूफ बघायला जाताना खिशात मूठभर बेदाणा घेऊन जा." फोटोची तुलना मालाशी व्हायला हवी, मोबाइलशी नव्हे. जमल्यास एक भिंगही न्यावे. ठिपके एकमेकांवर नीट बसलेले नसतील तर घडाच्या कडेला पांढरी किंवा लालसर रेघ दिसते. छापखान्यात त्याला रजिस्टर हलले म्हणतात.

फोटो पाठवण्यातही घोळ होतो. ४ बाय ६ च्या कार्डाला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. आजचा कुठलाही फोन तेवढे देतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. आणि कापणीसाठी चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जादा फोटो सोडा, नाहीतर कडेचा घड कातरीखाली जातो.

मजकुरासाठी एक खास मराठी धोका आहे. पुष्कळ छापखान्यांतले संगणक अजून जुन्या फाँटवर चालतात. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलेला मजकूर तिकडे बदलून घेतला जातो, आणि त्या बदलात 'शेतकऱ्यांच्या'मधला अर्धा र हमखास मार खातो. मग शेतकर्यांच्या बागेतून थेट तुमच्या दारी! प्रूफ घरातल्या अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्यावे, ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही. फोन नंबर दुसऱ्याने वाचावा, तिसऱ्याने लावून पाहावा.

हे सगळे कारागिरीचे झाले. पण कार्डावर छापायचे काय, याचा धडा पलूस तालुक्यातच मिळतो, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या मदतीने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणला. लोखंडी नांगर, चरक असा माल. माल खपवायचा तर लोकांना तो कळायला हवा. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले ते कारखान्याचे पत्रक म्हणून. शंकरराव स्वतः चित्रे काढणारे, जाहिरातीचे काम पाहणारे. नुसती आपल्या नांगराची तारीफ छापली तर कागद पुड्या बांधायला जाईल, हे त्यांनी ओळखले असावे, कारण पत्रकात वाचण्यासारखे काही ना काही येत गेले. त्या पत्रकाचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले, आणि माळावरच्या छापखान्यातून निघालेला कागद महाराष्ट्रभर वाचला जाऊ लागला. नांगराच्या जाहिरातीतून मासिक उगवल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आमच्या कार्डावर मात्र पाठीच्या डाव्या अंगाला 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर' असे छापलेले होते. हे कोण जपून ठेवणार? मामींनी सुचवले, बेदाणा पावसाळ्यात चिकट होऊ नये म्हणून काय करायचे ते लिहा की. हवाबंद डबा, कोरडा चमचा, जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीज. तीन ओळी. खाली हाताने लिहायला मोकळी जागा.

दुसरी खेप छापायची ठरली तेव्हा अजून एक गोष्ट लक्षात आली. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत नवी फूट आणि पाने असतात, तयार घड पुढे जानेवारी ते एप्रिलमध्ये. कार्ड मात्र हंगामाच्या तोंडावर पाठवायचे. म्हणजे यंदाच्या कार्डाचा फोटो गेल्या वर्षीच काढून ठेवायला हवा, आणि तोही ऊन चढण्याआधी सकाळी. छापखान्याकडेही दिवाळीच्या आधी जावे. तुळशीचे लग्न झाले की लग्नपत्रिका, मग कॅलेंडरे, आणि मध्येच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तर तुमचे कार्ड कोपऱ्यात पडून राहते.

दुसरी खेप पाचशेचीच काढली. समोर मॅट लॅमिनेशन, मागे कोरा कागद, काळा मजकूर, मामींच्या तीन ओळी. पुतणीने सगळे पत्ते लिहिले, एकही पुसला नाही. पहिली दोन हजार अजून खोक्यात आहेत. मामी त्यांतले एकेक काढून तेलाच्या बरणीखाली ठेवतात. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन असल्याने फडक्याने पुसले की स्वच्छ.