नाटकांतला जुना पोषाख

स्नेहसंमेलनांत ऐतिहासिक वेष करावयाचा म्हणजे जर आणि साटीन, असा समज आहे. खरें पाहतां पोषाखाचा काळ त्याच्या बेतण्यांत दिसतो. इंग्लंडांतील रीजन्सी काळचा, म्हणजे १८११ ते १८२० च्या सुमाराचा, स्त्रियांचा झगा घ्या. त्याची कंबर छातीच्या लगत खालीं असते. ती नेहमींच्या जागीं उतरली, कीं कितीहि उंची कापड तो काळ परत आणीत नाहीं.

आपल्याकडेहि तसेंच. बारामती-इंदापूरकडील एखाद्या शाळेला, बाबूजी नाइकांच्या आश्रयानें बारामतीस राहिलेले कवि मोरोपंत (१७२९–१७९४) रंगभूमीवर आणावयाचे आहेत, असें समजा. त्यांना धोतर, उपरणें, पागोटें आणि बाराबंदी द्यावी. पांढरें सुती कापड आधीं धुऊन आटवून घ्यावें. पुढचा एक पदर दुसऱ्यावर यावा. बगलेखालीं चौबगला जोडावा, म्हणजे हात उचलतांना शिवण उसवत नाहीं. बारा बंदांच्या सहा जोड्या कराव्या. त्यांवरूनच हें नांव पडलें. तेथें बटणें लावलीं, कीं बाराबंदी संपली.

खर्च थोडा येतो. लाभ मात्र मोठा आहे. पूर्वजांचें जें रूप मुलें डोळ्यांनीं पाहतात, तेंच त्यांच्या मनांत इतिहास म्हणून राहतें.