खाली पाण्याची गादी, वर तारेचा फास

मोठ्या आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते, पण तेवढ्यातही चार थर असतात. सगळ्यात आत गुलाबी अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा सैलसर थर, मग स्नायू आणि बाहेरून पातळ आवरण. पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा उंचवटा, उगवतो तो आतल्या अस्तरावर. त्यातल्या अ‍ॅडिनोमा जातीच्या काही पॉलिपांचा पुढे कर्करोग होतो. त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे उपटायचं ते अस्तर आणि जपायचा तो स्नायू. डॉक्टरांची सारी कसरत यासाठीच चालते.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढायला सुरुवात केली. तोवर आतड्याच्या वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागे. फासाची रीत आजही तीच आहे. दुर्बिणीतून सरकवलेल्या बारीक नळीत तार मिटलेली असते. ती पुढे ढकलली की उघडते, मागे ओढली की आवळते.

भूछत्रासारखा देठ असलेला पॉलिप त्यातल्या त्यात सोपा. देठाला फास घालायचा आणि वीज सोडायची, की देठ कापला जातो आणि आतली रक्तवाहिनीही भाजून बंद होते.

एक सेंटिमीटरच्या आतला पॉलिप आता बहुतेक वेळा विजेशिवायच कापतात. उष्णतेची झळ खोलवरच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते आणि काही दिवसांनी खपली निघाली की रक्त वाहू शकतं. नुसत्या तारेने कापलं तर रक्त तिथल्या तिथे झिरपतं आणि बहुधा आपोआप थांबतं. कडेचं एक-दोन मिलिमीटर निरोगी अस्तर मात्र सोबत यायला हवं.

खरी परीक्षा असते ती गालिच्यासारख्या पसरलेल्या, दोन सेंटिमीटरहून मोठ्या पॉलिपची. त्याला देठच नसतो, मग फास अडकवायचा कुठे? म्हणून सुईने अस्तराखालच्या सैल थरात निळा रंग मिसळलेलं सलाईन सोडतात. चटका बसल्यावर कातडीला फोड यावा तसा पॉलिप वर उचलला जातो आणि स्नायू खाली सुरक्षित राहतो. मग तुकड्या-तुकड्याने तो काढतात आणि उरलेली कड फासाच्या टोकाने हलकेच भाजतात, कारण पॉलिप पुन्हा उगवतो तो बहुधा कडेलाच. तळाशी सैल थराची निळी जाळी दिसली तर ठीक. पांढरा स्नायू कापलेला दिसला, तर तिथेच क्लिपा लावून भोक बुजवतात.

कधी कडा उचलल्या जातात, पण मधला भाग खालीच चिकटून राहतो. अशा वेळी कर्करोग खोलवर उतरल्याची शंका घ्यावी लागते. पण आधी कुणी त्याचा अर्धवट लचका काढला असेल, तर त्या व्रणामुळेही तो चिकटतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: असा पसरट पॉलिप दिसला, तर उगाच चिमटे काढत बसू नये, तो पुरता काढणाऱ्या तज्ज्ञाकडे रुग्णाला पाठवावं.

तुकडे झाले की पॉलिप कडेपर्यंत पुरता निघाला की नाही हे पॅथॉलॉजिस्टला नीट सांगता येत नाही. कर्करोगाची सुरुवात झाली असण्याची शंका असेल, तर तिथेच हा पेच पडतो. त्यासाठी जपानी डॉक्टरांनी जठरासाठी घडवलेली रीत पुढे आतड्यातही आणली. दुर्बिणीतून बारीक सुरी घालायची, भोवतीने चीर द्यायची आणि खालच्या निळ्या थरातून पॉलिप सोलत अखंड काढायचा. याला कधी कधी तासन् तास लागतात आणि भोक पडण्याचा धोकाही अधिक. काढलेला तुकडा पाटीवर टाचण्या मारून ताणतात, म्हणजे कड वाचता येते.

अस्तर कापल्याचं दुखत नाही. दुखतं ते आतडं फुगल्याने. म्हणून अनेक ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरतात, तो लवकर शोषला जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगावं. घरी गेल्यावर दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त पडू शकतं. भळभळून पडलं तर तडक रुग्णालय गाठावं. मोठा पॉलिप तुकड्यांनी काढला असेल, तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून त्याच जागेचा फिकट व्रण कडेकडेने तपासतात.