मुक्कीच्या वाटेवरचं बालाघाट

गोंदियाहून कान्हाकडे निघालेल्या गाड्या बालाघाटला थांबतात त्या चहापुरत्या. रावणवाडी मागे पडते, बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशातलं राजेगाव लागतं, आणि दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या संपता संपता शहर येतं. अंतर जेमतेम 45 किलोमीटर. काली पुतली चौकातल्या गर्दीतून वाट काढत गाडी बैहर रस्त्याला लागते, घाट चढते आणि वाघाच्या ओढीने कान्हाच्या मुक्की दाराशी पोचते. विदर्भातली शेकडो कुटुंबं दर हिवाळ्यात हा प्रवास करतात. त्यातली फार थोडी बालाघाटला मुक्काम करतात, आणि त्यात त्यांचंच नुकसान आहे. मुक्कीला जे जंगल बघायला जायचं, त्याची ओळख या घाटाच्या पायथ्यापासूनच सुरू होते.

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेशी या शहराचा संबंध नाही. हे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं गाव. शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा इथे उगम पावलेली वैनगंगा आधी डोंगरांना मोठा वळसा घालते, दऱ्यांतून वाट काढते आणि बालाघाटजवळ मोकळ्या मैदानात उतरते. पुढे हीच नदी भंडाऱ्याला जाते, गोसेखुर्दच्या धरणात साठते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. विदर्भाच्या माणसाला ती आपलीच वाटते. शहरात बजरंग घाटावर उभं राहिलं की तिचं पात्र रुंद आणि संथ दिसतं. दक्षिणेला धानाची सपाटी थेट गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत पसरलेली, तर उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर. शहराची उंची समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्याही आत आहे. घाट चढून गेल्यावर लागणारं बैहरचं पठार त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. वारासिवनी, कटंगी, किरनापूर, लांजी हा खालचा मुलूख. बैहर, परसवाडा, बिरसा हा वरचा. दोन्हीकडची माती वेगळी, झाडं वेगळी, बोली आणि माणसंही वेगळी.

बालाघाट जिल्हा झाला 1867 साली, भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून. मुख्यालयाच्या गावाला तेव्हा बुढा म्हणत. वरच्या पठारावर गोंड आणि बैगांच्या विरळ वस्त्या होत्या, बाकी सगळं रान. तिथे शेती वसवायची म्हणून ब्लूमफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने वैनगंगेकाठच्या पोवारांना वर बोलावलं. परसवाड्याच्या पठारावरची पहिली गावं लछमन पोवाराने वसवल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. पाणी अडवून धान पिकवण्यात पोवारांचा हातखंडा. आजही या पट्ट्यात पोवारी बोली घरोघरी ऐकू येते. तिच्या एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला हिंदी. गोंदियाच्या माणसाला ती समजायला अडचण पडत नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखान्याच्या फेऱ्या सीमेपलीकडे चालूच राहिल्या.

इथला चिन्नोर तांदूळ मुद्दाम विकत घ्यावा असा. दाणा बारीक, शिजल्यावर मऊ आणि घरभर सुवास. 2021 मध्ये ‘बालाघाट चिन्नोर’ला भौगोलिक मानांकन मिळालं. हा भात उशिरा पिकतो आणि उतारा कमी देतो, म्हणून जास्त उत्पन्नाच्या जातींपुढे तो मागे पडत गेला होता. मानांकनामुळे त्याला चांगला भाव मिळण्याची वाट खुली झाली. रोवणीच्या दिवसांत या मैदानातून जाताना चिखलात ओळीने वाकलेल्या बाया मैलोन्‌मैल दिसतात. 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया असलेला हा जिल्हा त्या बाबतीत मध्य प्रदेशात पहिला होता.

शहराचं दुसरं वैभव जमिनीखाली आहे. काही किलोमीटरवर भरवेलीची मँगनीज खाण आहे. ‘मॉयल’ या सरकारी कंपनीची ही खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून मँगनीजचा एक लांबलचक पट्टा कमानीसारखा गेला आहे. बालाघाट त्याच्या पूर्वेच्या टोकाला. पोलाद कणखर व्हायला मँगनीज लागतं, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी इथला दगड थेट विलायतेला जाऊ लागला. लुईस ली फर्मोर या भूशास्त्रज्ञाने 1909 मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यातल्या एका खडकाला त्याने ‘गोंडाइट’ हे नाव दिलं, गोंडांवरून. हे नाव आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. भरवेलीचा खनिज दगड हातात घेतला तर आकाराच्या मानाने तो चांगलाच जड लागतो. काळा, बारीक चमक असलेला, आणि बोटांना काजळी लावणारा. ट्रकांच्या रस्त्याच्या कडेची धूळसुद्धा तशीच काळपट.

याच काळात रेल्वे आली. गोंदिया ते जबलपूर ही अडीच फुटी नॅरोगेज बंगाल नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 या वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू केली. समनापूर, चरेगाव, लामटा अशी स्टेशनं घेत गाडी सातपुड्याच्या कुशीतून नैनपूरला चढायची. मोहफुलांच्या टोपल्या, बांबूचे भारे, माणसं, शेळ्या सगळं त्या लहानशा डब्यांतून जायचं. बालाघाट ते जबलपूर नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली आणि काही वर्षांच्या कामानंतर ब्रॉडगेज पूर्ण झाली. जुन्या गाडीबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण बालाघाटच्या मुलाला आता गाडी न बदलता जबलपूरला किंवा नागपूरच्या दिशेला जाता येतं, ही गोष्ट त्या हळहळीपेक्षा मोठी मानायला हवी.

आता घाट. बैहर रस्त्यावर शहरापासून साधारण 14 किलोमीटरवर गांगुलपारा लागतं. शेतीसाठी बांधलेला तलाव आणि जवळच धबधबा. पावसाळ्यात रविवारी सगळं बालाघाट इथे लोटतं. पुढे उकवा, तिथेही मँगनीजची खाण. खाली सागवान, ऐन, बांबू असं मिश्र जंगल असतं आणि पठारावर जसजसं पूर्वेला जावं तसतसा साल वाढत जातो. हा बदल बघायचा तर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये जावं. घाटात साग ओकाबोका उभा असतो आणि वर सालाला कोवळी, तकतकीत पालवी फुटलेली असते. सालवनाचा आणखी एक प्रसाद पहिल्या पावसानंतर बाजारात येतो, तो म्हणजे पिहरी ही रानातली अळिंबी. तिचा हंगाम थोडा आणि भाव चढा, तरी रस्साभाजीसाठी लोक मोजून पैसे देतात.

मुक्की हे कान्हाचं बालाघाट जिल्ह्यातलं दार. बंजर नदी इथून वाहते आणि मंडल्याला नर्मदेला मिळते. म्हणजे एका जिल्ह्यातलं पाणी एकीकडे गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जातं, दुसरीकडे नर्मदेतून अरबी समुद्राला. पर्यटक वाघ मागतात. त्यांनी बारासिंगाही मागावा. टणक जमिनीवर राहणारी या हरणाची उपजात 1970 मध्ये कान्हात अवघी 66 उरली होती. तिला उंच गवताची कुरणं लागतात, कारण पाडसं त्या गवतात लपवली जातात. आतली काही गावं बाहेर हलवली गेली, त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागी गवत वाढू दिलं, काही हरणं कुंपणात सुरक्षित वाढवली, आणि आज संख्या हजाराच्या घरात आहे. भारतातल्या वन्यजीव संरक्षणाची इतकी स्वच्छ यशोगाथा क्वचित सापडते. मात्र त्या कुरणांच्या जागी एकेकाळी गोंड-बैगांची घरं होती, हेही गाइडला विचारून समजून घ्यायला हवं.

नक्षलवादाच्या बातम्यांनी या जिल्ह्याचं नाव अनेक वर्षं काळवंडून गेलं. 1999 च्या डिसेंबरात राज्याचे परिवहन मंत्री लिखिराम कावरे यांची त्यांच्या गावात हत्या झाली, तेव्हापासून बाहेरच्यांच्या मनात जी धास्ती बसली तिने बैहर-लांजीच्या पर्यटनाची वाढ खुंटवली. लांजीला जुना किल्ला आहे, रामपायलीला चंदन नदीकाठी राममंदिर आहे, हट्टाला जमिनीखाली मजले असलेली बारव आहे. तिन्ही ठिकाणं खालच्या सपाटीवर, शहरातून दिवसभरात करून येण्यासारखी.

कान्हाची दारं 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतात. ज्यांना फक्त बालाघाट बघायचं त्यांच्यासाठी नेमका हाच काळ उत्तम: वैनगंगा भरलेली, गांगुलपारा कोसळत असलेलं, बांध्यांत धान. उरते एक उणीव, खाण-पर्यटनाची. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सने 2016 मध्ये कोळसा खाण दाखवणारी सहल सुरू केली. हेल्मेट घालून सामान्य माणूस भुयारात उतरला. भरवेलीला तसं काही नियमित सुरू झालं, सोबत गोंडाइटचे आणि मँगनीजचे नमुने मांडलेली एक खोली उघडली, तर गोंदियाहून निघालेल्या गाड्यांना बालाघाटला रात्र काढायला आणखी एक कारण मिळेल, आणि खाणीत पिढ्यान्‌पिढ्या खपलेल्या कामगारांच्या नातवंडांना ते दाखवण्याचं काम मिळेल.