पैजेचे करार व अंदाज-बाजार

भावी अनिश्चित घटना एका प्रकारे घडल्यास एका पक्षाने दुसऱ्यास आणि अन्यथा घडल्यास दुसऱ्याने पहिल्यास पैसे द्यावेत, अशा करारास पैजेचा करार म्हणतात. त्या घटनेत उभय पक्षांचा पैजेच्या रकमेपलीकडे हितसंबंध नसतो. निवडणूक, पाऊस, क्रिकेटचा सामना इत्यादींच्या निकालावर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे हक्क ज्या व्यवस्थेत खरेदी-विक्रीस ठेवले जातात, तिला अंदाज-बाजार म्हणता येईल.

पैज व वायदा : सांगलीच्या हळदीच्या व्यापारात हा भेद स्पष्ट होतो. हरिपूर येथील जमिनीखालील पेवांत हळद दीर्घकाळ साठविली जाई. त्यामुळे खरेदी व विक्री यांमधील काळात भाव उतरण्याचा धोका व्यापाऱ्यावर राही. ठरलेल्या भावाने चार महिन्यांनी माल देण्याचे त्याने कबूल केल्यास तो वायदा करार होय. मालाची देवघेव न करता केवळ भावातील फरक चुकता करावयाचा, असा दोन्ही पक्षांचा आरंभापासून हेतू असल्यास ती पैज ठरते. एकाच पक्षाचा तसा हेतू असणे पुरेसे नाही.

कायदेशीर परिणाम : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असून जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. घेरुलाल पारख खटल्यात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने असा करार शून्य असला, तरी बेकायदेशीर नाही, असा निर्णय दिला. तथापि मुंबई प्रांताच्या १८६५ च्या तिसऱ्या अधिनियमाने पैजेस साहाय्यक करारही शून्य ठरविले. यामुळे सातारा-सांगलीकडील दलालास पैजेच्या व्यवहारावरील दलालीही न्यायालयामार्फत मिळू शकत नाही. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ मध्ये तर वस्तूंचे भाव व पर्जन्यमान यांवरील जुगाराचाही निर्देश आहे.

केंद्र व राज्य : संविधानाच्या सातव्या अनुसूचीत वायदे बाजार संघसूचीत (नोंद ४८), तर पैज व जुगार राज्यसूचीत (नोंद ३४) आहेत. १९५२ च्या वायदा करार (विनियमन) अधिनियमाखाली सांगलीच्या ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ला हळदीच्या वायद्यासाठी मान्यता होती. २८ सप्टेंबर २०१५ रोजी वायदा बाजार आयोग ‘सेबी’त विलीन झाला. मान्यताप्राप्त बाजारातील कायदेशीर वायदा केवळ फरकाने मिटला, तरी तो शून्य ठरत नाही. त्याच भावावरील खाजगी सट्ट्यास हे संरक्षण नाही.

आधुनिक स्थिती : मोबाइलवरील मत-व्यापाराचे मंच आपल्या नियामक कक्षेत येत नसून तेथील गुंतवणूकदारांस रोखे बाजारातील संरक्षण मिळणार नाही, असा इशारा ‘सेबी’ने एप्रिल २०२५ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घालणारा अधिनियम संमत केला. अमेरिकेत संघीय वायदा आयोगाच्या देखरेखीखालील अशा करारांना काही राज्ये जुगार मानतात व त्यावरून तेथे खटले उद्भवले आहेत. भविष्याविषयीचा अंदाज दोहोंकडे असला, तरी वायद्याने उत्पादकावर मुळातच असलेला धोका दुसऱ्याकडे जातो, तर पैजेने पूर्वी नसलेला धोका निर्माण होतो. कायद्यातील भेदाचे आर्थिक मर्म हेच होय.