उकिरड्याची बाग होते, पण कशी?

परभणीच्या कुठल्याही वाढत्या वसाहतीत एक चौकोनी तुकडा हमखास सापडतो. एका कोपऱ्यात घरबांधणीचा राडारोडा, दुसऱ्या कोपऱ्यात वेडी बाभूळ, मधे गाजर गवत आणि त्यातून वाट काढणारं शेजारपाजारचं सांडपाणी. नकाशावर या तुकड्याचं नाव ‘खुली जागा’. निवडणूक जवळ आली की तिथे बाग होणार, असं कानावर येतं. बाग होऊ शकते, त्यात शंका नाही. पण ती कशी होते याबद्दलच्या आपल्या समजुतींनीच कितीतरी बागा रोपवयात मारल्या आहेत.

गैरसमज: पडीक जागा कुणाचीच नसते.

प्रत्येक तुकड्याचा कागद असतो. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट मंजूर करताना १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तिचे प्लॉट पाडून विकता येत नाहीत. विकास आराखड्यात ‘उद्यान’ म्हणून आरक्षित केलेली जागा हा वेगळा प्रकार, आणि इथेच लोक गाफील राहतात. आरक्षण आहे म्हणजे जागा आपलीच, असं नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. त्यासाठी कुणाला लबाडी करावी लागत नाही, नुसतं गप्प बसलं की पुरतं. म्हणून रोपांच्या आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि आराखड्याचा भाग नकाशा काढावा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. पण कागद नसलेली बाग कुणीही उठवू शकतो.

गैरसमज: कचऱ्यावर माती टाकली, रोपं लावली की झालं.

महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईत, धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर आहे. आजचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणजे एके काळची कचराभूमी, सुमारे ३७ एकरांची. सलीम अलींच्या हस्ते तिथे पहिलं रोप लागलं १९८३ मध्ये आणि उद्यान लोकांसाठी खुलं झालं १९९४ मध्ये. मधली अकरा वर्षं लक्षात ठेवावीत. आपल्याकडे एका आर्थिक वर्षात ‘हरित क्षेत्र’ उभं करायचं असतं, कारण मार्चअखेर निधी परत जातो.

कुजणाऱ्या कचऱ्यातून वर्षानुवर्षं मिथेन निघत राहतो आणि खालून काळं पाणी झिरपतं. मुळांना प्राणवायू मिळत नाही, वरची माती खचते. बोरिवलीजवळच्या गोराईची कचराभूमी बंद करताना म्हणूनच ढिगाला आधी नीट उतार दिला गेला, वर अभेद्य आवरण आलं, वायू काढून जाळण्याची सोय झाली आणि मग हिरवळ आली. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये नांजीदो बेटावर १९७८ ते १९९३ कचरा पडला, त्याचे अक्षरशः डोंगर झाले. २००२ मध्ये तिथे उद्यान उघडलं ते असाच वायू बाहेर काढून, आणि तोच वायू आसपासच्या इमारतींना ऊब देण्यासाठी वापरला गेला.

परभणीतल्या गल्लीतल्या उकिरड्याला एवढा सरंजाम लागत नाही. तिथे जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करता येतो. माती एकीकडे, प्लास्टिक-चिंध्या दुसरीकडे, दगडविटा तिसरीकडे. दगडविटा पायवाटेच्या भरावाला चालतात. चाळलेल्या मातीत काचा आणि नको ते धातू असू शकतात, त्यामुळे तिची तपासणी होईपर्यंत तिच्यावर पोरं खेळवू नयेत.

गैरसमज: आमच्याकडे पाणीच नाही, बाग कसली?

नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे परभणीकरांना सांगायची गरज नाही. तरीही हा गैरसमजच. परभणीत सरासरी पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. अडचण अशी की त्यातला बहुतेक चार महिन्यांत येतो, आणि खाली आपली काळी कसदार माती. ही माती पाणी धरते खरी, पण तिचा स्वभाव विचित्र. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या रानात उभं राहून पाहा, भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो. त्याच भेगांतून खोलवरची ओल उडून जाते आणि कोवळी मुळं तुटतात. रोप वाळलं की आपण उन्हाला बोल लावतो.

शेतकऱ्याला हे कधीच कळलेलं आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आपली म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती. भेगा बुजवल्या, आळ्यात पालापाचोळा किंवा सोयाबीनचं भुसकट पसरलं, उताराला आडवे चर काढले, की टँकरच्या खेपा बऱ्याच कमी होतात. बागेतला पाला गोळा करून पेटवून देणाऱ्या ठेकेदाराला मात्र हे कोण सांगणार?

याच मातीमुळे सिमेंटच्या फरशा आणि पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात, संरक्षक भिंत तडकते. पायवाटेखालची काळी माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरावा लागतो. अंदाजपत्रकात हा मुरूम असतो. खड्ड्यात तो पडला का, हे फरशी बसण्याआधी पाहायचं असतं.

उष्ण हवेचं निमित्त सांगणाऱ्यांनी कैरोचं अल-अझहर उद्यान आठवावं. पाचशे वर्षांचा राडारोडा, खारी जमीन, पाऊस नावालाच. तरी ३० हेक्टरवर २००५ मध्ये बाग उघडली. आपली स्थिती त्याहून कितीतरी बरी.

गैरसमज: लवकर वाढतील ती झाडं लावा.

लवकर वाढणारं झाड उद्घाटनाला सावली देतं, त्यापलीकडे फारसं काही देत नाही. सुबाभूळ भराभर पसरते. शोभेसाठी सगळीकडे लागलेल्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, वड यांना वेळ लागतो, पण ती इथल्या उन्हात तयार झालेली आहेत.

भराभर पसरण्यात गाजर गवतही मागे नाही. फुलं येण्याआधी उपटलं नाही तर एकेक झुडूप हजारो बिया टाकतं. फक्त तेच खाणारे मेक्सिकन भुंगे परभणीच्या कृषी विद्यापीठात वाढवले जातात. पावसाळ्यात आणून सोडले तर पुढची फुकटची मजुरी तेच करतात. घराजवळ एवढी सोय असून आपण तणनाशकाची बाटली शोधत फिरतो.

गैरसमज: फीत कापली, बाग झाली.

पहिली तीन वर्षं रोप माणसाच्या हातावर जगतं, त्यातही मार्च ते जून. बागेच्या निविदेत झोके, घसरगुंडी, कारंजं, कमान हे सगळं असतं. माळ्याचा पगार बहुधा नसतो, असला तर वर्षभराचा. कारंजं एक वेळ नको, पण माळी हवाच.

यंदाच्या जुलैत तुमच्या वसाहतीत वृक्षारोपणाचं आमंत्रण आलं, तर जरूर जा. खड्ड्यात रोप ठेवण्याआधी पुढच्या मे महिन्यात त्याला पाणी कोण घालणार, एवढं विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव व फोन नंबर सगळ्यांसमोर लिहून घ्या.