चंद्राची वाट विणली कुणी?

मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं होतं, शाळेला सुट्टी. भोवऱ्याला जाळी गुंडाळता गुंडाळता नात म्हणाली, "आजोबा, इथे पाण्यात परळचा रस्ता सापडत नाही. चंद्रावर गेलेल्यांना वाट कशी सापडली हो?"

"सोड तो भोवरा पाटावर. आता पाट जरासा कलता कर. भोवरा ताठच ना? जोरात फिरणारी वस्तू आपली दिशा सोडत नाही. अपोलो यानात असे तीन भोवरे होते, जायरोस्कोप. यान कलंडलं तरी हे दिशा धरून बसायचे."

"पण भोवरा शेवटी ढळतोच की!"

"तेही ढळायचे, अगदी थोडे. मग अंतराळवीर दुर्बिणीतून तारे वेधून ती चूक काढायचे. त्यांच्या यादीत ३७ तारे होते. नावं परकी, तारे मात्र आपलेच: रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, श्रवण. १९६८ साली अपोलो-८ वर अंतराळवीर जिम लोवेलकडून चुकीची कळ दाबली गेली. संगणकाला वाटलं, यान अजून उड्डाणतळावरच उभं आहे! लोवेलनी तारे हेरले आणि दिशा पुन्हा बसवली."

"संगणक केवढा होता?"

"बत्तीसेक किलोचा. आणि त्याची कायमची स्मृती चक्क विणलेली!"

"कापडासारखी?"

"मी गिरणीत साचेखात्यात होतो ना, म्हणून मला त्याचं फार अप्रूप. अमेरिकेत वॉल्थम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात दोन बायका समोरासमोर बसायच्या. मधे चुंबकी धातूच्या बारीक कड्या. हिने तारेची सुई पलीकडे द्यायची, तिने अलीकडे, आमच्या धोट्यासारखी. तार कडीतून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. चंद्रावर उतरायचा सगळा हिशेब त्या एक-शून्यांत."

"आणि चुकली तर?"

"साच्यावर धागा तुटला की आम्ही साचा थांबवायचो, गाठ मारायचो, पुन्हा चालू. तिथे उसवणं महाकठीण. म्हणून आधी तपासणीवर तपासणी. अपोलो-११ चे तिघे चंद्रवीर १९६९च्या ऑक्टोबरात मुंबईत आले, लोकांनी डोळे भरून पाहिले. मला आपलं वाटतं, त्या विणणाऱ्या बायकांची बोटंही पाहायला हवी होती."

आतून आजीची हाक आली, "अगं, सुईत दोरा ओवून दे गं!"

नात गेली. पहिल्या खेपेला दोरा नेढ्याच्या बाहेरून गेला.

"शून्य," ती पुटपुटली. मग दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटला.

"एक!"