555: आठ पिनांची टायमर आयसी

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांच्या सुट्या भागांच्या डबीत गेली पन्नास वर्षे हमखास सापडणारी आयसी म्हणजे 555 क्रमांकाचा टायमर होय. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हान्स कॅमेंझिंड यांनी कॅलिफोर्नियातील सिग्नेटिक्स कंपनीची नोकरी सोडून तिच्याचसाठी कंत्राटावर काम करताना 1971 मध्ये तिची रचना केली आणि 1972 मध्ये ती बाजारात आली. पहिल्या आराखड्यात स्थिर विद्युतप्रवाह पुरवणारे वेगळे मंडल होते आणि त्यापायी नऊ पिना लागत असल्याने चौदा पिनांचे महागडे वेष्टन वापरावे लागले असते. त्या मंडलाच्या जागी साधा रेझिस्टरही चालेल हे कॅमेंझिंड यांच्या ध्यानात आले, तेव्हा एक पिन वाचली.

रेझिस्टर का चालतो, यातच या रचनेचे मर्म आहे. आयसीच्या आत एकसारखे तीन रेझिस्टर ओळीने जोडलेले असून ते पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. बाहेर जोडलेला कपॅसिटर रेझिस्टरमधून भरत जातो. त्याचे व्होल्टेज दोन तृतीयांशावर पोहोचले की कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करणारे मंडल, फ्लिप-फ्लॉपची स्थिती पालटते व सातव्या पिनेवाटे कपॅसिटर रिता होऊ लागतो. एक तृतीयांशापर्यंत उतरल्यावर दुसरा कंपॅरेटर त्याला पुन्हा भरू देतो. नऊ व्होल्टच्या पुरवठ्यावर या मर्यादा 3 आणि 6 व्होल्ट असतात, बारावर 4 आणि 8. पण पुरवठा वाढला की भरण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढत असल्याने लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. उतरत चाललेल्या बॅटरीवर प्रयोग करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

आठव्या आणि सातव्या पिनेत 10 किलोओहम, सातव्या आणि सहाव्या पिनेत 68 किलोओहम, एकत्र जोडलेल्या दुसऱ्या-सहाव्या पिनांपासून ग्राउंडपर्यंत 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तिसऱ्या पिनेवर रेझिस्टरसह एलईडी, एवढी जुळणी ब्रेडबोर्डवर केली की दिवा सुमारे सेकंदाला एकदा लुकलुकतो. ‘सुमारे’ म्हणण्याचे कारण आयसीत नव्हे, कपॅसिटरमध्ये आहे: इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे मूल्य छापील आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी सहज कमीजास्त भरते, म्हणून जाणकार 68 किलोओहमच्या जागी प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून मूल्य बदलता येणारा रेझिस्टर, बसवतात. आयसीचा स्वतःचा दोष वेगळाच आहे. आउटपुट पालटताना जुन्या बायपोलर प्रकारची 555 पुरवठ्यातून क्षणभर मोठा प्रवाह खेचते आणि शेजारची मंडले बिथरतात. त्यावर उपाय म्हणून आठव्या व पहिल्या पिनेजवळच एक छोटा कपॅसिटर लावावा लागतो, जो नवशिके हटकून विसरतात.

सेकंदाचा काटेकोर हिशेब हवा असेल, तर क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारा मायक्रोकंट्रोलरच वापरणे योग्य. 555 ला मात्र प्रोग्राम लागत नाही, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ती आजही काही रुपयांत मिळते.